एका दिवसाची विदिशा

रविवारी सहकुटुंब कोठे जावे, हा प्रश्न बरखेड्यात निघाला की सांची, भोजपूर, भीमबेटका ही नावे ठरलेली असतात. सांचीच्या पुढे अवघ्या दहा किलोमीटरांवर असलेले विदिशा मात्र बहुधा राहून जाते. कालिदासाने ‘मेघदूता’त ज्या नगरीत मेघाला थांबावयास लावले, तिला आपण गाडीच्या खिडकीतूनच नमस्कार करतो, हे बरे नव्हे.

सकाळी लवकर निघावे. सांचीच्या अलीकडे रस्ता कर्कवृत्त ओलांडतो. मुलांना भूगोलाच्या पुस्तकातली ती रेघ तेथे दाखवावी. विदिशाला पोहोचल्यावर आधी बेसनगरचा खांब पाहावा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेचा हेलिओदोर हा ग्रीक, राजा अंतलिकिताचा वकील म्हणून येथील भागभद्र राजाच्या दरबारी आला. त्याने वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला, स्वतःला ‘भागवत’ म्हणविले आणि लेख कोरविला तो ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत. दम, त्याग आणि अप्रमाद ही तीन पदे आचरल्यास स्वर्ग मिळतो, असे त्यात म्हटले आहे.

पुढे लिपी विसरली गेली, पण खांबाची पूजा सुटली नाही. गावकरी त्याला ‘खांबबाबा’ म्हणून शेंदूर लावीत राहिले. १८७७ साली कनिंगहॅम येथे आले, तेव्हा शेंदराच्या जाड थराखाली लेख झाकलेला होता. तो उजेडात आला १९०९ साली. त्यानंतर १९१३ ते १९१५ या काळात येथे उत्खनन केले ते देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी. हे गाव त्या वेळी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होते आणि त्या संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याची धुरा मो. बा. गर्दे यांच्याकडे होती. आपल्या भाषेच्या माणसांचे श्रम या मातीत असे मिसळलेले आहेत.

तेथून जवळच उदयगिरी. टेकडीच्या वालुकाश्मात वीस लेणी आहेत. सहाव्या लेण्यात गुप्त संवत् ८२ चा, म्हणजे इ. स. ४०१-०२ चा लेख आहे. पाचव्यातील वराहापुढे मात्र निवांत उभे राहावे. पृथ्वीला दाढेवर सहज उचलून धरणारी ती भव्य मूर्ती पाहताना बडबडी मुलेही गप्प होतात.

दुपारचे जेवण बेतव्याकाठी सावली पाहून करावे. शरबती गव्हाच्या, दुधात भिजविलेल्या दशम्या, लसणाची चटणी, बटाट्याची कोरडी भाजी आणि दहीभात एवढे पुरे. माघ-फाल्गुनात गेल्यास वाटेत ओल्या हरभऱ्याच्या जुड्या मिळाल्या तर घ्याव्यात. घरी आल्यावर हुळा भाजता येतो. पत्रावळी, कागद, पिशव्या मात्र आपल्याबरोबर परत आणाव्यात.

जेवताना एखादे नातवंड विचारील, ‘आजी, आपले गाव कोणते?’ आपल्यापैकी अनेकांचे उत्तर अडखळते. १९५६ साली भोपाळ राजधानी झाले, त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली आणि भेलसा हे नाव जाऊन विदिशा हे नाव परत आले. पुढे कारखान्याच्या नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांत आता तिसरी पिढी वाढते आहे. मूळ गाव सांगावे, कुलदैवताला जावे, घरात मराठीच बोलावे. पण ‘आपण येथले नव्हे’ असे मुलांच्या मनात भरवू नये. ज्या भूमीचा इतिहास आपण जाणला नाही, तेथे तीन पिढ्या राहूनही भाडेकरूच राहतो. हेलिओदोर तर वकिलीसाठी आलेला परदेशी. त्याने येथले दैवत, लिपी आणि भाषा आपली मानली, म्हणून गावाने त्याचा खांब दोन हजार वर्षे सांभाळला. नातवंडाला ही गोष्ट त्या खांबाशीच उभे राहून सांगावी. परतायला संध्याकाळ पुष्कळ आहे.