माणसं नाहीत म्हणता, मग वामन कोण?

‘या कादंबरीत माणसंच नाहीत.’

रेणापूरला आम्ही काही वाचक एकत्र बसतो. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, तेव्हा त्यांची ‘वामन परत न आला’ सगळ्यांनी वाचून यायचं ठरलं. बैठकीत पहिलं वाक्य आलं ते हे. बोलणारे गृहस्थ जाणते आहेत, मराठी ग्रामीण कादंबरी त्यांनी कोळून प्यायली आहे. त्यांचं बोलून झाल्यावर चारपाच माना हलल्या. मी गप्प बसलो. तसं बसायला नको होतं. ते मत मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज तर ते साफ चूक वाटतं. आणखी दोनतीन मतं त्या दिवशी निघाली, तीही तपासून घ्यावीशी वाटतात.

ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. एका प्रयोगशाळेसाठी जमीन खोल खोदताना एक पेटी सापडते. फार पूर्वी होऊन गेलेल्या, आपल्यापेक्षा कितीतरी पुढारलेल्या लोकांचं ज्ञान तिच्यात साठवलेलं असतं. एक पदार्थवैज्ञानिक, एक संगणकतज्ज्ञ आणि एक पुरातत्त्वज्ञ ते उलगडत जातात. त्या ज्ञानातून एक यंत्रमानव घडतो, त्याचं नाव वामन. मग प्रश्न उभा राहतो की या वामनाला स्वतःसारखे आणखी वामन घडवता आले तर माणसाचं काय होणार, आणि पेटी पुरणाऱ्यांचं काय झालं असेल. पुस्तक १९८०च्या दशकातलं आहे. यंत्राच्या बुद्धीची चर्चा आज चहाच्या टपरीवर चालते, तेव्हा ती नव्हती.

पूर्वपक्ष नीट मांडतो, समोरच्याचं म्हणणं पातळ करून खोडण्यात अर्थ नाही. आक्षेप असा की यातले शास्त्रज्ञ फळ्यापुढं उभं राहिल्यासारखे बोलतात. त्यांच्या घरी काय शिजतं, भावकीत कुणाशी वाकडं आहे, कुणाचं देणं अंगावर आहे, हे कळत नाही. बायकांना जागा फार थोडी. यातलं बायकांबद्दलचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ती उणीव नारळीकरांच्या बऱ्याच कथांत आहे आणि तिच्यावर पांघरूण घालणार नाही. समजावून सांगण्याच्या जागा लांबतात, हेही खरं.

पण ‘माणसं नाहीत’ हे त्यातून निघत नाही. ग्रामीण कादंबरीतला माणूस आपल्याला कळतो तो त्याच्या जमिनीतून, जातीतून, कर्जातून, सोयरिकीतून. त्याच्यापुढं येणारं संकट त्याच्या बापापुढंही आलेलं असतं. दुष्काळ नवा नसतो, सावकार नवा नसतो. कुणाला तरी विचारता येतं, चालत आलेली रीत असते, आणि ती पाळतो की मोडतो यावरून आपण त्याला जोखतो. वैज्ञानिक साहसाच्या कादंबरीत माणूस अशा गोष्टीपुढं उभा राहतो की जी आजवर कुणीच पाहिलेली नाही. विचारायला वडीलधारं कुणी नाही. अशा वेळी तो काय ठरवतो, कशासाठी थांबतो आणि कशाचा मोह त्याला आवरत नाही, यातूनच त्याचा स्वभाव उघडा पडतो. तो घरात काय जेवतो हे ठाऊक नसलं तरी चालतं.

त्या तिघांकडं या नजरेनं पाहा. पेटी एकच, पण तिघांचं कुतूहल एका जातीचं नाही. जो जमिनीखालच्या गेलेल्या संस्कृती उकरण्यात हयात घालवतो त्याचा प्रश्न असतो की हे लोक कोण होते आणि गेले का. जो यंत्र घडवतो तो विचारतो, यातून काय करता येईल. पदार्थवैज्ञानिकाला निसर्गाचा नियम हवा असतो, मग तो कुठंही सापडो. तिघेही प्रामाणिक, हुशार आणि कामात बुडालेले. कुणीही खलपुरुष नाही. तरीही धोका त्यांच्या हातूनच घडतो, आणि या पुस्तकातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच. चांगल्या माणसांचं कुतूहल आवर न घालता पुढं जातं तेव्हा काय होतं, हे मराठीत इतकं सरळ मांडणाऱ्या कादंबऱ्या मला फार भेटल्या नाहीत.

आणि खुद्द वामन? त्याला पात्र म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आमच्या बैठकीला येणाऱ्यांत एक शेतकरी आजोबा आहेत. डोळ्यांमुळं त्यांना वाचता येत नाही, नातीनं त्यांना पुस्तक वाचून दाखवलं होतं. नात कडेला बसलेली, तिच्या हातात वाचनालयाची प्रत. खाकी कागदाचं कव्हर, आतल्या चिठ्ठीवर निळ्या शाईतल्या तारखा आणि दोन शिक्क्यांमध्ये कित्येक वर्षांचं अंतर. सगळ्यांचं बोलणं ऐकून घेऊन आजोबा म्हणाले, “गुरुजी, नावावरनंच कळाया पायजे हुतं की. वामन म्हणल्यावर त्यो थोडकंच मागणार. तीन पावलं म्हणला हुता. बळीनं बी व्हय म्हणलं अन् मग पाय ठिवायला डोकंच उरलं.”

मी शिकलेला माणूस, विज्ञान शिकवण्यात नोकरी गेली. ही कादंबरी तीनदा वाचली. नावाचा अर्थ मलाही ठाऊक होता, पण तो माझ्या लेखी एक चतुर संदर्भ होता, बस्स. आजोबांनी तो आतून वाचला. आमच्या भागात दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना बायका बळीचं राज्य येवो म्हणतात, वामनाचं कुणी म्हणत नाही. ज्याच्याकडून मागून घेतलं गेलं त्याच्या बाजूनं उभं राहणारा हा वाचक आहे. तो ही कादंबरी दात्याच्या बाजूनं वाचतो, आणि इथं दाता म्हणजे सगळी माणूसजात. यंत्रमानव शस्त्र घेऊन येत नाही, तो उपयोगी पडतो, आणि देणाऱ्याला आपण काय देतोय हे कळायच्या आत देऊन झालेलं असतं. पुस्तकाचं मराठी नाव सांगतं की वामन परत आला नाही. इंग्रजीत ते ‘द रिटर्न ऑफ वामन’ म्हणून निघालं, म्हणजे नेमका उलटा सूर. आजोबांना मराठी नाव जास्त पटलं असतं. ‘न आला’ ऐकल्यावर त्यांच्या जिवाला थंडावा मिळाला, असं नातीनं सांगितलं.

ज्या पुस्तकातल्या एका यंत्राबद्दल रेणापूरच्या शेतकऱ्याला राग येतो, भीती वाटते आणि ते न परतल्याचं समाधान वाटतं, त्या पुस्तकात पात्र नाही हे मी कसं मान्य करू?

दुसरं मत नेमकं उलट टोकाचं. ते लातूरला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीनं मांडलं, आणि खरं तर ते तिच्या पिढीला आपणच शिकवलं आहे. ती म्हणाली, विज्ञान बरोबर असेल तर कादंबरी चांगली, चूक असेल तर वाईट, बाकी पात्रं वगैरे भरताड. लातूर पॅटर्ननं आपल्या पोरांना खूप दिलं आहे, ते मी नाकारत नाही. पण एका प्रश्नाला चार पर्याय आणि त्यातला एकच बरोबर, ही सवय गोष्ट वाचताना कामाची नाही. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ साली निघाली. मृत शरीरात जीव भरण्याचं त्यातलं शास्त्र कधीच टिकलं नाही. टिकला तो निर्माता, आपण घडवलेल्या जीवाला टाकून पळालेला. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो घ्या. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला आणि आमच्या पिढीनं तो शाळेच्या दप्तरात लपवून वाचला. पाणबुडी किती लांब होती हे आज मला सांगता येणार नाही. पण नेमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र डाक्कार, १८५७च्या लढ्यात उतरलेला, सगळं गमावून समुद्राच्या पोटात गेलेला, हे ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये शेवटी उलगडतं ते मी विसरणार नाही. पाणबुड्या आज कितीतरी देशांकडं आहेत. नेमो एकच. विज्ञान बरोबर असावं, हा माझाही आग्रह आहे. जन्मभर तेच शिकवलं. पण ते गोष्टीचा पाया आहे, आणि पाया बघायला कुणी घरात जात नाही.

‘नारळीकर मोठे म्हणून कौतुक’ असंही एकजण म्हणाला. त्याला उत्तर द्यायला एक घडलेली हकीकत पुरे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ते टोपणनाव होतं. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात गेली. परीक्षकांपुढं नारळीकर नव्हते, एक अनोळखी जगताप होते, आणि पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. दुर्गाबाई कुणाच्या पदवीला भुलणाऱ्या नव्हत्या.

विज्ञानकथा लहान मुलांची, हे मत मी सोडून देतो. ज्यांनी ते मांडलं त्यांनी पुस्तक अर्धंही वाचलं नव्हतं आणि ते त्यांनीच कबूल केलं.

शेवटचं मत मात्र मला लागलं. ‘हे आपलं नाही. प्रयोगशाळा, पेट्या, यंत्रमानव हे पुण्यामुंबईचं. आपण रेणेच्या काठची माणसं, आपलं साहित्य निराळं.’ हे ऐकताना टाळ्या पडल्या, म्हणून सविस्तर बोलतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. रेणापूरला आम्ही भिंती सोडून अंगणात आलो आणि पुढं कित्येक रात्री माळवदाखाली झोपलो नाही. पायाखालच्या खडकात काय चाललंय हा प्रश्न त्या दिवसापासून आमचा घरगुती प्रश्न झाला. शास्त्रज्ञांनी नंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतला. आमच्याकडं बोअर फुटात मोजतात, म्हणजे हा २००० फुटांच्या वर गेला, पाण्यासाठी नव्हे, कारण शोधण्यासाठी. सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण लागला आणि त्याच्या तळाशी त्याहून कितीतरी जुना खडक. आपल्या जिल्ह्याच्या पोटात माणसानं इतकं खोल वाकून पाहिलं आहे, आणि जमिनीखाली सापडलेल्या पेटीची गोष्ट आपल्याला परकी कशी?

२०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिली गाडी १२ तारखेला, १० वाघिणी, ५ लाख लिटर. एका शहराला आगगाडीनं पाणी पाजावं लागतं, हे १९८०च्या दशकात कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपणच त्याला अतिशयोक्ती म्हटलं असतं. आणि आपल्या मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा ठरली आहे. तिच्या भुजा ४-४ किलोमीटरच्या, आणि मोजायची हालचाल प्रोटॉनच्या व्यासाहून हजारो पटींनी बारीक. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३मध्ये तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. नारळीकरांनी पुण्यात उभी केलेली आयुका ही संस्था या कामात सहभागी आहे. उद्या तिथं काम करणारी पोरं परभणी, नांदेड, लातूरची असतील. त्यांची गोष्ट कोण लिहिणार? दुसऱ्यानं लिहिली तर पुन्हा आपणच म्हणू, यात आपली माणसं नाहीत.

तेव्हा माझं म्हणणं स्वच्छ आहे. वैज्ञानिक साहसकादंबरीतल्या माणसाला ग्रामीण कादंबरीच्या मापानं मोजू नका आणि परीक्षेच्या उत्तरसूचीनंही तपासू नका. त्याच्यापुढं कधी न घडलेलं घडतं तेव्हा तो काय निवडतो आणि त्या निवडीची किंमत कोण भरतं, एवढं बघा. या मापानं ‘वामन परत न आला’ उतरते. तिच्यातल्या बायकांच्या बाबतीत उतरत नाही, आणि ती जागा भरून काढणारी कादंबरी लिहिली जायला हवी. ती इकडच्या एखाद्या मुलीनं लिहिली तर मला सर्वांत जास्त आनंद होईल. आजोबांना वाचून दाखवणारी नात अकरावीला आहे.

पुढच्या बैठकीला नारळीकरांचीच ‘प्रेषित’ घेतली आहे. ‘माणसं नाहीत’ म्हणणारे आमचे जाणते मित्र येणार आहेत, त्यांनी जरूर यावं. सर्वांना एवढीच विनंती की पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून या, आणि जो आक्षेप असेल तो पानाच्या आकड्यासह वहीत लिहून आणा.