शेजारच्या काकू बॅगेत मावत नाहीत

ऑनसाइटचं लेटर हातात पडलं की आपण काय काय भरतो? प्रेशर कुकर (जादा शिट्टीसकट), गोडा मसाला, मेतकूट, थर्मल्स, शिवाय डॉक्टरांकडून लिहून घेतलेल्या औषधांची अख्खी पिशवी. 23 किलोच्या बॅगा काट्यावर तीन-तीनदा चढवून बघतो. मूल लहान असेल तर त्याचं सामान वेगळंच. पण मंडळी, एक आयटम कुठल्याच बॅगेत मावत नाही. शेजारच्या काकू!

पुण्यात मूल तापलं की काय होतं आठवा. आजी मांडी घालून बसते, काकू कपाळावर घड्या ठेवतात, आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला एका फोनवर पोऱ्याबरोबर बाटली पाठवतो. आई-बाबांनी फक्त टेन्शन घ्यायचं. परदेशात ही सगळी खाती एकाच माणसाकडे येतात. त्यातून दुसरा पालक टूरवर असेल तर विचारूच नका.

या कॉलममध्ये मी एरवी श्टुटगार्टचे बाजार, ट्राम आणि बेकऱ्या यांच्यावर लिहिते. आज जरा वेगळं. फेब्रुवारीत माझा नवरा दोन आठवड्यांसाठी चाकणच्या प्लांटवर गेला. चौथ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी अकराला किटामधून, म्हणजे इथल्या पाळणाघरातून फोन. लेकीला ताप आहे, घेऊन जा. लेक दीड वर्षाची. शुक्रवारी दुपारनंतर इथले बरेच दवाखाने बंद असतात. आमच्या बालरोगतज्ज्ञांच्या फोनवर रेकॉर्डेड आवाज होता.

संध्याकाळपर्यंत ती माझ्या खांद्यावरून खाली उतरायला तयार नव्हती. एका हाताने खिचडी टाकली, ती तशीच राहिली. बाथरूमला गेले तेही तिला कडेवर घेऊन. रात्री साडेनऊला थर्मामीटर 40.1. तापाचं सिरप दिलं, ते पाच मिनिटांत माझ्या टी-शर्टवर आणि चादरीवर. चाकणमध्ये तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. नवऱ्याला उठवून करायचं काय? तो तिथे नुसता तळमळत बसला असता.

जर्मनीत अशा वेळचा नंबर आहे 116117. जिवावर बेतलेलं नाही, पण डॉक्टर उघडण्याची वाटही बघवत नाही, अशा प्रसंगांसाठी. मॅक्सम्युलर भवनात शिकलेल्या माझ्या जर्मनमध्ये हॉटेलचं टेबल झक्कास बुक करता येतं. उलटी, अंगावर पुरळ, लघवी कितीदा, हे शब्द त्या धड्यांत नव्हते. तरी पलीकडच्या बाईंनी शांतपणे एकेक विचारलं. पाणी पिते का? आज डायपर किती ओले झाले? श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात का? हाक मारली की बघते का? ताप किती, हा प्रश्न त्या यादीत बराच खाली होता. मी मात्र त्या एका आकड्यालाच चिकटून बसले होते. शेवटी म्हणाल्या, सिरप टिकत नसेल तर त्याच औषधाची सपोझिटरी वापरा, पाणी घोट घोट पाजत राहा आणि सकाळी हॉस्पिटलमधल्या वीकेंडच्या बाल-दवाखान्यात या. श्वास बिघडला, झटका आला किंवा मूल शुद्धीवर नाही असं वाटलं, तर थांबू नका, थेट 112.

सल्ला एकदम व्यवस्थित. आता सपोझिटरी आणायची कोणी? रात्री इथे औषधांची दुकानं पाळीपाळीने उघडी असतात. आजची पाळी कुणाची, ते प्रत्येक दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. तिथे बेल वाजवायची, दारातल्या छोट्या खिडकीतून औषध मिळतं, रात्रीचे अडीच युरो जादा. त्या रात्रीचं दुकान चार किलोमीटरवर होतं. बाहेर शून्याखाली तापमान, आमच्याकडे गाडी नाही, आणि 40 ताप असलेलं मूल.

दहा वाजून गेले होते. दहानंतर इथे शांततेची वेळ. आमच्या बिल्डिंगमध्ये त्यानंतर वॉशिंग मशीनसुद्धा लावायचं नाही. आणि समोरच्या फ्लॅटमधल्या आजी म्हणजे नियमांचं चालतंबोलतं पुस्तक. आमची बाबागाडी जिन्यात आडवी येते, अशी चिठ्ठी त्यांनी दोनदा आमच्या दाराला लावली होती. आठ महिन्यांत त्यांच्याशी 'गुटन टाग'च्या पुढे गाडी गेली नव्हती. त्यांच्या बेलवर बोट ठेवताना मला जॉबच्या पहिल्या इंटरव्ह्यूपेक्षा जास्त धडधडलं.

त्यांनी दार उघडलं, माझ्या टी-शर्टकडे पाहिलं, लेकीच्या पायाला हात लावला. पाय गरम आहेत, म्हणाल्या, चालेल. काय चालेल, ते दहा मिनिटांनी कळलं. कोमट पाण्यात पिळलेली फडकी त्यांनी तिच्या पोटऱ्यांना गुंडाळली. वाडनविकल म्हणतात त्याला. पाय गार असतील तर हे करायचं नाही, एवढा एकच नियम. आपण घड्या कपाळावर ठेवतो, हे लोक पोटऱ्यांवर, पण हात तोच! मग आजींनी कोट चढवला, स्वतःची गाडी काढली आणि पाऊण तासात सपोझिटरी आणि टोस्टचा पुडा घेऊन परत आल्या. औषधाचे पैसे पावतीनुसार सेंटपर्यंत मोजून घेतले. टोस्टचे नाही घेतले.

रात्री एकला, म्हणजे पुण्यात पहाटे साडेपाचला, मी आईला व्हिडिओ कॉल केला. "मीठ-मोहऱ्या घे आणि दृष्ट काढ आधी," आई म्हणाली. मग म्हणाली, "फोन बंद करू नकोस." मी तो पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. तिकडे दूधवाला आला, चहा झाला, बाबांनी पेपर उघडला. इकडे आम्ही दोघी झोपलो. कोणीतरी बघतंय, एवढ्यावर मला सलग तीन तास झोप लागली.

शनिवारी डॉक्टरांनी कान, घसा, छाती तपासली. व्हायरल आहे म्हणाले, अँटिबायोटिक नाही. सोमवारी ताप गेला आणि अंगभर गुलाबी पुरळ आलं. त्याला जर्मनमध्ये नावच आहे, ड्रायटागेफीबर, तीन दिवसांचा ताप. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांमध्ये हमखास दिसणारा. पुरळ आलं म्हणजे सुटलो! पण हे सोमवारी कळतं. शुक्रवारची रात्र काढावीच लागते.

व्यवस्थेला नावं ठेवायला जागा नाही. सरकारी विमा असलेल्या नोकरदारांना मूल आजारी पडलं की वेगळी सुट्टी मिळते. 2024 आणि 2025 साठी दर मुलामागे, दर पालकाला वर्षाला 15 दिवस, एकट्या पालकाला 30. त्या दिवसांत बुडालेल्या निव्वळ पगाराच्या साधारण 90 टक्के रक्कम विम्याकडून येते. माझ्यासारखीला, म्हणजे नवऱ्याच्या विम्यावर असलेल्या फ्रीलान्सरला, त्यातलं काही नाही. शिवाय कायद्याच्या हिशेबात मी 'एकटी'ही नव्हते. माझा नवरा होता ना, चाकणला! ज्या आया किंवा बाबा खरोखर एकटे मूल वाढवतात, त्यांच्यासाठी अशी प्रत्येक रात्र एकट्याचीच. त्यांना आपला सलाम.

तेव्हा तुम्ही किंवा तुमची मैत्रीण पोराबाळासकट कुठे निघाली असाल, तर पोचल्यावर पहिल्या आठवड्याचा फंडा असा :

* तिथला रात्रीचा वैद्यकीय नंबर आणि इमर्जन्सी नंबर फ्रिजवर लावा. कुठला कशासाठी, तेही लिहा.
* ताप, उलटी, पुरळ, श्वास, डायपर. एवढे शब्द तिथल्या भाषेत पाठ करा. हवामानावर नंतर बोला.
* मुलाचं ताजं वजन लिहून ठेवा. तापाच्या औषधाचा डोस त्यावर ठरतो.
* भारतातल्या एका माणसाला सांगून ठेवा, की मी अवेळी फोन करीन. युरोपातली मध्यरात्र म्हणजे आपली पहाट. आई उठलेलीच असते.
* आणि शेजारच्या बेलवरचं आडनाव वाचा. एखाद्या रविवारी चकलीची वाटी घेऊन जा. चकली आवडेल न आवडेल, नाव तर कळेल.