मागच्या आसनावरचा प्रवासी

फेब्रुवारी २०२५मध्ये सोलापूर-तुळजापूर मार्गावर तामलवाडी येथे पोलिसांनी एक मोटार अडवली. आत तिघे जण होते आणि मेफेड्रोनच्या पुड्या. तपासाचे धागे थेट आई तुळजाभवानीच्या नगरीत पोहोचले, तेव्हा भाविकांची मने हादरली. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. परंतु त्यातून एक प्रश्न उरतोच. गाडीत माल सापडला, की गाडीतले सारेच गुन्हेगार ठरतात काय?

आंध्र-ओडिशा सीमेवरचा गांजा हैदराबादमार्गे सोलापूरवरून पुण्याकडे जातो, हे सोलापूरकरांना नवे नाही. याच परिसरात अक्कलकोट-पंढरपूरच्या वडाप जीपही धावतात. तेथे शेजारच्याच्या पोत्यात काय आहे, हे कोण विचारतो?

१९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा 'ताबा' या शब्दाभोवती फिरतो. आणि ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. २००३मध्ये हिमाचलच्या मदनलाल खटल्यात मोटारीत चरस सापडला. पाचही जण दोषी ठरले. ते परस्परांच्या ओळखीचे होते आणि वाहन सार्वजनिक नव्हते, यावर सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले. याउलट आदल्याच वर्षी अवतारसिंग खटल्यात, ट्रकमधील अफूच्या बोंडांच्या भुशाच्या पोत्यांवर बसलेले लोक सुटले. केवळ पोत्यावर बसणे म्हणजे ताबा नव्हे!

मात्र एकदा ताबा सिद्ध झाला, की कलम ३५ व ५४ आरोपीच्या विरोधात गृहीत धरतात. 'मला ठाऊक नव्हते' हे मग त्यानेच सिद्ध करायचे, तेही नि:संशय. वीस किलोंहून अधिक गांजाला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. मित्राच्या मोटारीत सहज बसणाऱ्या महाविद्यालयीन मुलांच्या घरी याची कल्पना किती असते? गाडी उसनी देणाऱ्या वडिलांचीही सुटका सोपी नाही. त्यांनी जाणूनबुजून परवानगी दिली असेल, तर कलम २५ लागते. ती नसली, तरी आपण आणि गाडी नेणारा, दोघेही अनभिज्ञ होतो व पुरेशी खबरदारी घेतली होती, हे दाखवता आले नाही, तर कलम ६०नुसार गाडी जप्त होऊ शकते.

कायदा कठोर आहे आणि तो तसाच हवा. ढिलाई आहे ती पंचनाम्यात. कोण कोठे बसला होता, पिशवी कोणाच्या पायाशी होती, डिकीची किल्ली कोणाकडे होती, प्रवासी कोठे चढला, याची नोंद जागेवरच झाली नाही, तर वर्षानुवर्षांनी साक्षीच्या वेळी मुख्य सूत्रधार संशयाचा फायदा घेऊन बाहेर पडतो आणि वडापमधला बिचारा प्रवासी तोवर जामिनाविना तुरुंगात राहिलेला असतो.