नंबर माझा, गाडी कोणाची?



काही वर्षांपूर्वी हायडेलबर्गमधील आमच्या टपालपेटीत एक पत्र आले. युरोपातील दुसऱ्या एका देशातील शहराच्या वतीने ते पाठवले होते. तुमची मोटार अमुक दिवशी शहराच्या शुल्कक्षेत्रात आली, शुल्क भरलेले नाही, सबब दंड भरा, नाहीतर रक्कम वाढेल, असा मजकूर. त्या शहरात मी आयुष्यात एकदाच गेलो आहे, तोही एका परिषदेसाठी आणि रेल्वेने.

पत्रातल्या दुव्यावर जाऊन छायाचित्र पाहिले आणि क्षणभर माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. नंबर माझा. मेक तोच, रंगही तोच. बायकोने मात्र चित्र मोठे करून पाहिले आणि म्हणाली, "अरे, आपल्या गाडीला ट्रेलर ओढायचा हूक कुठे आहे?" मग दुसरी गोष्ट लक्षात आली. पाटीवर नोंदणी कार्यालयाचा गोल शिक्काच नव्हता.

इथे राहणाऱ्यांना ही व्यवस्था ठाऊक आहे. जर्मनीत नंबरप्लेट सरकार बनवत नाही. नोंदणी कार्यालयाच्या आसपास खाजगी दुकाने असतात, ती काही मिनिटांत पाटी ठोकून देतात. आता तर ती इंटरनेटवरूनही मागवता येते. त्या पत्र्याला अर्थ येतो तो कार्यालयाने त्यावर चिकटवलेल्या छोट्या गोल शिक्क्यामुळे. मागच्या पाटीवर शिवाय गाडीच्या तांत्रिक तपासणीची रंगीत चकती असते. पोलिसाचा डोळा या दोन खुणा शोधतो. कॅमेरा फक्त अक्षरे आणि आकडे वाचतो. म्हणजे पाटीवरची सगळी सुरक्षितता ज्या खुणांमध्ये आहे, त्या यंत्र पाहतच नाही!

संशोधक म्हणून मला यात एक ओळखीची चूक दिसते. कॅमेऱ्याने नंबर चुकीचा वाचला नव्हता. मापन अचूक होते. चूक होती ती मापनावरून काढलेल्या निष्कर्षात. 'ही अक्षरे इथून गेली' एवढेच कॅमेरा सांगतो. त्यावरून 'ही गाडी गेली' आणि त्यावरून 'हा माणूस दोषी' या दोन उड्या माणसांनी बनवलेल्या नियमांनी मारलेल्या असतात. कॅमेरा कितीही सुधारला तरी या उड्या सुरक्षित होत नाहीत.

हा प्रश्न नवा नाही. १९७०च्या दशकात पश्चिम जर्मनीत 'रेड आर्मी फॅक्शन' या दहशतवादी गटाने नेमकी हीच युक्ती वापरली होती. रस्त्यावरची एखादी निरुपद्रवी मोटार हेरायची, त्याच मेकची आणि रंगाची गाडी चोरायची आणि तिला पहिलीचा नंबर लावायचा. याशिवाय जुन्या पाट्यांवर काळा रंग किंवा चिकटपट्टी वापरून पी चा आर आणि ३ चा ८ करणे सोपे होते. त्यावर उपाय म्हणून कार्लगेऑर्ग होफर या अक्षरकाराच्या मदतीने खाडाखोडीला दाद न देणारी अक्षरे तयार झाली. नोव्हेंबर २००० पासून नव्या पाट्यांवर ती सक्तीची झाली. खाडाखोड त्यामुळे अवघड झाली. पण अख्खी नवी पाटीच ठोकून घेणाऱ्याला ही अक्षरे कशी अडवणार?

आता मुंबईकडे वळू. जानेवारी २०२५ मध्ये कुलाब्याच्या ताजमहाल हॉटेलजवळ एकाच नंबरच्या दोन एर्टिगा गाड्या सापडल्या. खऱ्या मालकाला न केलेल्या गुन्ह्यांची ई-चलाने येत होती आणि त्याने तक्रारही केलेली होती. दुसऱ्या गाडीच्या मालकाने कर्जाचे हप्ते थकल्यामुळे फायनान्स कंपनीच्या माणसांपासून गाडी लपवण्यासाठी नंबर बदलल्याचे पोलीस तपासात पुढे आले. त्याने काय केले होते? बातम्यांनुसार शेवटच्या ३ चा ८! जर्मनीने ज्या खाडाखोडीविरुद्ध नवी अक्षरे घडवली, तीच. आणि दुसरी गाडी कोणाला दिसली? इतके कॅमेरे असूनही ती शेवटी दिसली खऱ्या मालकालाच.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली, त्यासाठीच्या मुदती २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा वाढल्या. अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला क्रमांक, उघडल्यास तुटणारे लॉक, सगळे चांगलेच आहे. हातात पाटी घेऊन तपासणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. पण चौकातला कॅमेरा तिथेही अक्षरेच वाचणार. तेव्हा 'नवी पाटी आली, प्रश्न मिटला' या भ्रमात राहू नये.

खरा प्रश्न वेगळाच आहे. यंत्राने बोट दाखवले की सिद्ध कोणी करायचे?

जर्मनीत वेगमर्यादा मोडल्याचा दंड मालकाला नव्हे, चालकाला होतो. म्हणून कॅमेरा समोरून चेहऱ्याचे छायाचित्र घेतो. आधी म्हणणे मांडण्यासाठी फॉर्म येतो, दंडाचा हुकूम आला तर दोन आठवड्यांत हरकत घेता येते. सामान्य गुन्ह्यात तीन महिन्यांत चालकावर कारवाई सुरू झाली नाही तर प्रकरण मुदतबाह्य होते. १२ नोव्हेंबर २०२० रोजी येथील घटनात्मक न्यायालयाने सांगितले की वेगमापनाची जी माहिती फाइलमध्ये नाही पण अधिकाऱ्यांकडे आहे, तीही पाहण्याचा हक्क आरोपीला तत्त्वतः आहे. यंत्राचा शब्द हा वेदवाक्य नव्हे, हेच त्याचे सार.

जर्मनी म्हणजे रामराज्य नव्हे. चालक सापडला नाही तर मालकावर प्रत्येक फेरीची नोंदवही ठेवण्याची सक्ती होऊ शकते. पार्किंगच्या बाबतीत चालक न सापडल्यास कारवाईचा खर्च मालकाच्या माथी येतो. आणि शहरप्रवेशाच्या शुल्कात अनेक देश थेट मालकालाच धरतात. लंडनमध्ये १७ फेब्रुवारी २००३ पासून असे शुल्क आहे आणि ते बुडवल्याची नोटीस नोंदणीकृत मालकाच्या घरी जाते. युरोपीय संघातील दुसऱ्या देशाचा ७० युरो किंवा त्याहून अधिकचा दंड जर्मनीत बॉनचे फेडरल न्याय कार्यालय वसूल करू शकते. मात्र 'याला मी जबाबदार नाही' असे म्हणण्याची संधी त्या देशात मिळालेली असली पाहिजे, अशी अट आहे. ही अट मला फार मोलाची वाटते.

माझ्या प्रकरणाचे काय झाले? त्या दिवशी गाडी योगायोगाने वर्कशॉपमध्ये होती. ते बिल, पोलीस तक्रारीचा क्रमांक आणि हुकाविना गाडीचे फोटो पाठवले. काही आठवड्यांनी दोन ओळींचे उत्तर आले: दंड मागे घेतला आहे. दिलगिरीचा शब्द नाही. पुढचा त्रास टाळण्यासाठी मी नंबर बदलून घेतला, खर्च अर्थातच माझा. पण गाडी त्या दिवशी नुसती घरासमोर उभी असती तर? उभ्या असलेल्या गाडीची पावती कोण देतो?

त्याच वर्षी पुण्यात वडिलांच्या मोबाइलवर हेल्मेट न घातल्याचे चलान आले. फोटोत मोटारसायकलवर दोन तरुण. वडिलांकडे आहे स्कूटर, वय अठ्ठ्याहत्तर. मी फोनवर तावातावाने तक्रारीचा मसुदा सांगू लागलो. ते शांतपणे म्हणाले, "भरून टाकतो रे. एवढ्याशा पैशांसाठी या वयात कोण हेलपाटे घालणार?"

मित्रहो, मला त्या दंडापेक्षा हे वाक्य जास्त टोचले. न केलेल्या गुन्ह्याची कबुली ही निर्दोषत्व सिद्ध करण्यापेक्षा स्वस्त पडते, तेव्हा व्यवस्था न्याय करत नसते, फक्त वसुली करत असते. शिवाय पैसे भरणे म्हणजे गुन्हा मान्य करणे. हेल्मेटच्या गुन्ह्यात मोटार वाहन कायद्याने तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे. आपल्यासारखे लोक चार भाषांत पत्रे लिहू शकतात. दिवसाच्या कमाईवर जगणाऱ्या रिक्षाचालकाने किंवा टेम्पोवाल्याने काय करायचे? आणि उद्या त्या नकली पाटीच्या गाडीने कोणाला उडवले तर पोलीस आधी कोणाच्या दारात येतील?

मी कॅमेऱ्यांच्या विरोधात नाही. बेदरकार वाहनांना आळा बसलाच पाहिजे. मागण्या तीनच आहेत. प्रत्येक नोटिशीसोबत गाडीचे पूर्ण, स्पष्ट छायाचित्र असावे आणि ती पाठवण्यापूर्वी माणसाने मेक, रंग व प्रकार नोंदणीशी ताडून पाहावा. मोटारसायकल आणि स्कूटर यांतला फरक ओळखायला डॉक्टरेट लागत नाही! दुसरे, नकली नंबरची तक्रार नोंदली की त्या नंबरवरची पुढची वसुली आपोआप थांबावी. तिसरे, शंका रास्त असेल तर सिद्ध करण्याची जबाबदारी दंड लावणाऱ्यावर असावी.

तोवर आपण एक करू शकतो. पुढच्या वेळी घरून 'भरून टाकतो' असे ऐकू आले, तर फोटो मागवून घ्या आणि तक्रार तुम्ही लिहा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर ई-चलानविरुद्ध तक्रार नोंदवता येते. मी वडिलांच्या वतीने ती लिहिली. चलान रद्द झाले. वडील फक्त म्हणाले, "बरे झाले. चूक नसताना पैसे भरताना बरे वाटत नव्हते."