केर काढायला पुन्हा बाईच

संचालक मंडळात बायका वाढल्या की कंपन्या पर्यावरणाशी नीट वागू लागतील, असं हल्ली फार ऐकू येतं. कारण काय, तर बाई मुळातच जपणारी, पुढच्या पिढीचा विचार करणारी. ऐकायला ही स्तुती आहे. मला मात्र ती चूल-मूल या जुन्याच वाटणीची नवी आवृत्ती वाटते. नफा पुरुषांनी मिळवायचा, केर बाईने काढायचा.

मंडळात बायका हव्यातच. पण निम्मा समाज म्हणून तो त्यांचा हक्क आहे. हवा-पाणी शुद्ध करण्याच्या बोलीवर मिळालेली ती नोकरी नव्हे.

2013च्या कंपनी कायद्याने दोन गोष्टी बरोबरच आणल्या. कलम 149नुसार सूचिबद्ध कंपन्यांत किमान एक स्त्री संचालक बंधनकारक झाली. कलम 135नुसार मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे ठरले. पहिल्या कलमाचं काय झालं? अनेक प्रवर्तकांनी घरातलीच बायको, मुलगी नाहीतर सून खुर्चीत बसवली. शेवटी ‘सेबी’ला सांगावं लागलं, की बाई स्वतंत्र संचालक हवी, 1 एप्रिल 2020पासून पहिल्या हजार कंपन्यांना ते लागू झालं. आणि दुसऱ्याचं? दोन टक्क्यांत झाडं लागतात, तळी साफ होतात, फोटो निघतात. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कुणाचं पाणी उपसून आले, हे ते कलम विचारत नाही. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. भाषांतराच्या निमित्ताने मी कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचते. त्या रोपट्याशेजारी हटकून एक बाई उभी असते.

ऑगस्ट 2006 आठवा. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राच्या सुनीता नारायण यांनी शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचा दुसरा अहवाल मांडला. केरळ सरकारने कोक-पेप्सीवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने ती उठवली. त्याच ऑगस्टमध्ये चेन्नईत वाढलेल्या इंद्रा नूयी यांची पेप्सिकोच्या प्रमुखपदी निवड जाहीर झाली. वादाच्या दोन्ही बाजूंना बाईच होती. मग ती उपजत माया नेमकी कुठल्या बाजूला होती? नूयींनी पुढे पाण्याच्या वापराला कंपनीच्या धोरणात जागा दिली, हे खरं. पण त्यांची खुर्ची भागधारकांना उत्तर देणारी होती. तिथे पुरुष असता तरी उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं.

कंपनीला खरोखर थांबवलं ते मंडळाबाहेरच्या बायकांनी. पालक्काड जिल्ह्यातल्या प्लाचिमडा इथे कोका-कोलाच्या कारखान्यासमोर 2002मध्ये धरणं सुरू झालं. त्यात मयिलम्मा ही आदिवासी स्त्री अग्रभागी होती. विहिरींचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, ही तिची तक्रार. पेरुमाट्टी पंचायतीने परवान्याचं नूतनीकरण नाकारलं आणि मार्च 2004मध्ये कारखाना बंद पडला. 2007मध्ये मयिलम्मा वारली. राज्याच्या समितीने नुकसान 216 कोटींहून अधिक ठरवलं. भरपाईसाठी न्यायाधिकरण नेमण्याचं विधेयक 2011मध्ये विधानसभेने मंजूर केलं, पण त्याचा कायदा काही झाला नाही. मयिलम्माकडे माया कमी नव्हती. कमी पडला तो कायदा.

तेव्हा मंडळात बायका आणा. एक नको, निम्म्या आणा. पण त्यांच्याकडे माया मागू नका, त्यांना अधिकार द्या. भूजलाचा उपसा आणि सांडपाणी यांचा हिशेब जुळत नसेल तर ठराव अडवण्याचा अधिकार. वरिष्ठांच्या पगाराला त्या हिशेबाची जोड. आणि ग्रामसभेने नाही म्हटलं तर ते मानण्याची सक्ती. एवढं झालं, तर खुर्चीत बाई आहे की पुरुष, यावर गावची विहीर अवलंबून राहणार नाही.