उसने आभाळ

पाऊस ओसरू लागला की ‘कॅमेरा कोणता घेऊ?’ असे विचारणारे चार-दोन जण तरी माझ्याकडे येतातच. डोंगर हिरवे झालेले असतात, दिवाळीचा बोनस खुणावत असतो आणि शेजाऱ्याने भीमाशंकरहून काढून आणलेली चित्रे पाहून जीव अस्वस्थ झालेला असतो. मी त्यांची निराशा करतो. कॅमेरा आहे तोच राहू द्या, एक चांगला जड ट्रायपॉड घ्या, असे सांगतो. बहुतेकांना ते पटत नाही. ट्रायपॉड गळ्यात अडकवून मिरवता येत नाही, चढणीवर खांद्याला कळ मात्र लावतो.

पावसाळी सह्याद्रीतली एक सकाळ त्याचे मोल कळायला पुरेशी आहे. पायाशी असलेला तेरडा आणि समोरचा कडा, दोन्ही स्वच्छ हवे असतील तर भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते. उजाडतानाच्या त्या अपुऱ्या उजेडात मग शटर सेकंद-दोन सेकंद उघडे ठेवावे लागते. तेवढा वेळ कोणाचाही हात स्थिर राहत नाही. आता कॅमेऱ्यातच कंप सावरणारी यंत्रणा असते, हे खरे. पण ट्रायपॉड कॅमेऱ्यापेक्षा माणसाला जास्त थांबवतो. तीन पाय रोवून चौकट बांधली की वाट पाहण्यावाचून दुसरा उद्योग उरत नाही. धुके कोणत्या घळीतून वर चढते, ऊन आधी कोणत्या सोंडेवर उतरते, हे तेव्हा कुठे दिसू लागते.

आपल्याकडे प्रकाशाचे गणितही जरा वेगळे आहे. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. सावली पायाखाली जाते आणि डोंगराच्या घड्या पुसल्यासारख्या होतात. परदेशी पुस्तकांतून संध्याकाळच्या रेंगाळणाऱ्या सोनेरी उजेडाची वर्णने असतात. ती दूर उत्तरेकडच्या देशांची. आपला सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, अर्ध्या-पाऊण तासात खेळ खलास. आणि बुरशी! घाटमाथ्यावर आणि कोकणात एका पावसाळ्यात भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी ती पसरते. चामड्याच्या खोळीत कॅमेरा ठेवणे म्हणजे तिला आवतण देणे. हवाबंद डबा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, हा साधा उपाय. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरणाऱ्यांनी तांदळाचे पीठ कुठे जाते याचा विचार करावा.

हे सगळे शिकता येते. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. फोटोशॉप या संगणक प्रणालीत ऑक्टोबर २०२० मध्ये आकाश बदलण्याची सोय आली. चित्रातले पांढरे, निस्तेज आभाळ काढून टाकायचे आणि तयार आभाळांतून एक निवडून बसवायचे. सारे काम क्षणाचे. आता ही सोय हातातल्या फोनपर्यंत आली आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर भलत्याच देशातला सूर्यास्त बसवून तो दिवाणखान्यात टांगता येतो.

यात बिघडले काय, असे विचारणारे लगेच अॅन्सेल अॅडम्स यांचे नाव पुढे करतात. या थोर अमेरिकन छायाचित्रकाराने तरी काय केले? अंधाऱ्या खोलीत आकाश काळे केलेच ना? केले. त्यांचे ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे न्यू मेक्सिकोतले चित्र जगप्रसिद्ध आहे. खाली खेडे, त्याच्या दफनभूमीतले उन्हाने उजळलेले क्रूस आणि वर चंद्र. मावळते ऊन निसटत होते आणि प्रकाशमापक सापडेना. चंद्राच्या तेजाचा आकडा पाठ होता, त्यावरून त्यांनी गणित मांडले आणि शटर दाबले. दुसऱ्या प्रतीची तयारी होईतो क्रूसांवरचे ऊन गेले होते. पुढे अनेक वर्षे ते त्याच निगेटिव्हवरून छापत राहिले. सुरुवातीच्या छापांत आकाशात ढगांचे फिकट पट्टे दिसतात, नंतरच्या छापांत ते जवळजवळ काळेभोर आहे.

पण या चित्राची पुढची हकिकत अधिक बोलकी आहे. अॅडम्स तारखांच्या बाबतीत ढिसाळ होते. याच चित्राला त्यांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी साले दिली. शेवटी खगोलाच्या अभ्यासकांनी चित्रातला चंद्र आणि डोंगर यांच्या स्थानांवरून गणित केले. आधी ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख निघाली. पुढे १९९१ मध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटे, असे उत्तर आले. काढणारा विसरला, चंद्राने साक्ष दिली. आकाश कितीही काळे केले तरी चंद्र तिथलाच होता, म्हणून ती देता आली. गडद करणे आणि उसने आणणे यांतला फरक माझ्या दृष्टीने हा आहे.

निसर्गचित्राला अशी साक्ष अनेकदा द्यावी लागते. विल्यम हेन्री जॅक्सन यांनी १८७१ मध्ये यलोस्टोनची छायाचित्रे काढली. १८७२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला, त्यात या चित्रांचा वाटा होता. शंभर वर्षांनी, १९७७ पासून, मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॅक्सन आणि इतरांच्या जुन्या जागा हुडकून काढल्या. तोच कोन, तोच ऋतू आणि सावल्या जुळतील तीच वेळ साधून त्यांनी पुन्हा छायाचित्रे घेतली. जुन्या चित्रातली सावली खरी नसती तर त्यांनी घड्याळ कशाला लावले असते?

आपल्या कासच्या पठाराचेच पाहा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. जांभ्यावरच्या मातीच्या पातळ थरात उगवणारी तिथली फुले, ‘खालून कोन छान येतो’ म्हणून त्यांच्यावर आडवे पडणाऱ्यांनी चिरडलेली मी पाहिली आहेत. चित्रात पठार अर्थातच सुरेख दिसते. आभाळही निळे असते, भले मग त्या दिवशी मुसळधार पाऊस का पडत असेना.

तिथून फार लांब नसलेल्या चाळकेवाडीच्या पठारावर आज पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या येण्यापूर्वीचे मोकळे पठार सातारा-कऱ्हाडकडच्या कितीतरी घरांत, सहलीच्या जुन्या अल्बमांत, कोणा मावशीच्या पाठीमागे पडून असेल. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आज सुटीच्या दिवशी तो अल्बम काढावा, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चित्राच्या मागे साल, महिना आणि उभे राहिल्याची जागा लिहून ठेवावी. पेन्सिलीने लिहावे. शाई पुढच्या बाजूला उमटते.