पुढचा एक दात

चेन-सॉकेट बदलायला गाडी गॅरेजात लावली की मेकॅनिक हमखास विचारतो, "पुढे एक दात कमी टाकू का? पिकअप वाढेल." पुस्तकी नाव स्प्रॉकेट, पण आपल्याकडे गॅरेजात ते सॉकेटच. इंजिनाच्या बाजूचं पंधरा दातांचं चक्र काढून चौदाचं बसवणं हे फार वेळाचं काम नाही, पैसेही फारसे लागत नाहीत, आणि पहिल्याच चौकात गाडी वेगळी वाटायला लागते. एवढ्या स्वस्तात एवढा फरक पडत असल्यामुळे या बदलाबद्दल दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. एक म्हणते, याने गाडीची ताकद वाढते. दुसरी म्हणते, कंपनीने दिलेल्याला हात लावला की गाडीचं वाटोळं झालंच समजा. मला दोन्ही पटत नाहीत. ताकद यात रतिभरही वाढत नाही. तरीही रोज ओझं वाहणाऱ्याला आणि घाटातल्या माणसाला हा बदल रास्त ठरू शकतो, आणि तो चोरून करावा लागू नये, कंपनीनेच दिलेला असावा.

हिशेब शाळकरी आहे. पुढे १५ आणि मागे ४५ दात असतील तर पुढचं चक्र तीनदा फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. पुढे १४ केले की तोच आकडा ३.२१ होतो. म्हणजे इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना चाकावर सात टक्के जास्त ओढ मिळते आणि जवळपास तेवढाच वेग कमी होतो. पहिल्या गिअरमध्ये तिसाला दम संपणारी गाडी आता अठ्ठाविसाला संपेल. टॉपमध्ये साठाला साडेचार हजार फेरे घेणारं इंजिन आता ४८०० च्या वर फिरेल. मागच्या चक्राकडून एवढाच परिणाम हवा असेल तर तिथे तीन दात वाढवावे लागतात, म्हणून सगळ्यांचा डोळा पुढच्या छोट्या चक्रावर. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की पाचही गिअर एकदमच सात टक्क्यांनी सरकतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधलं अंतर ज्याला खटकतं, त्याचं ते खटकणं तसंच राहणार. अश्वशक्ती काल होती तेवढीच आज आहे. फक्त तिची वाटणी बदलली.

या वाटणीला कमी लेखू नये. भारतीय रेल्वेची डब्ल्यूएजी-९ ही मालगाड्या ओढणारी इंजिनं आणि लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांपुढे दिसणारी डब्ल्यूएपी-७ ही मुळात एकाच रचनेची भावंडं. मालगाडीच्या इंजिनात दात्यांचं प्रमाण ७७ ला १५, प्रवासी इंजिनात ७२ ला २०. मुख्यतः या बदलामुळे एक इंजिन शंभराच्या वेगापर्यंत अजस्र वजन ओढतं आणि दुसरं १४० ने धावतं. मोटरसायकलींच्या दुनियेतही हे नवं नाही. साइडकार जोडायची असेल तर कमी दातांचं पुढचं चक्र बसवा, असं जुने ब्रिटिश कारखाने स्वतःच सांगत आणि तसा भाग विकतही. शर्यतीच्या मैदानावर तर ट्रॅक बदलला की चक्र बदलतंच. जे काम पाहून रेल्वे दाते ठरवते, ते दूधवाल्याने ठरवलं तर एवढा गहजब का व्हावा?

पहिला आक्षेप ठरलेला: कंपनीचे इंजिनिअर काय मूर्ख आहेत? मुळीच नाहीत. त्यांना लाखो गाड्यांसाठी एकच आकडा निवडायचा असतो आणि ज्या गिऱ्हाइकासाठी ते निवडतात, त्याचा पहिला प्रश्न "ऍव्हरेज किती देते?" हाच असतो. मायलेजच्या आकड्यासाठी, प्रदूषण चाचणीसाठी आणि सपाट रस्त्यावर इंजिन शांत राहावं यासाठी गिअर जरा लांब ठेवणं त्यांच्या सोयीचं असतं. एकटा माणूस सोलापूर रोडला पन्नास-पंचावन्नने जात असेल तर ही निवड अगदी चोख. पण तीच गाडी आंबोलीच्या नाहीतर तोरणमाळच्या घाटात दोन माणसं आणि वर दुधाचे कॅन घेऊन चढते तेव्हा दुसऱ्या गिअरला दम लागतो आणि पहिला नुसता ओरडतो. मग स्वार हाफ क्लचवर गाडी खेचतो. क्लच प्लेटा जळतात, इंजिन तापतं, आणि कागदावर वाचलेलं पेट्रोल तिथे दुपटीने वसूल होतं. इंजिनिअरचं गणित बरोबरच होतं. ते या माणसासाठी मांडलेलं नव्हतं, इतकंच.

मायलेज मात्र पडतं का? सपाट रस्त्यावर पडतं, पण फेरे सात टक्क्यांनी वाढले म्हणून पेट्रोलही सात टक्के जास्त जळतं असं नाही. हवेचा अडथळा आणि वजन तेच असतं, वाढतं ते इंजिनाचं अंतर्गत घर्षण. इथे एक गंमत आहे आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. स्प्लेंडरसारख्या साध्या गाडीत वेगाची केबल पुढच्या चाकातून येते, तिथे काही बिघडत नाही. पण अनेक गाड्यांत वेग मोजणारा सेन्सर गिअरबॉक्सवर, म्हणजे सॉकेटच्या अलीकडे असतो. तिथे एक दात कमी केला की प्रत्यक्ष शंभर किलोमीटर गेलेली गाडी मीटरवर १०७ दाखवते. खरं ऍव्हरेज पन्नासवरून सत्तेचाळीसवर आलं तरी मालक मीटर बघून म्हणतो, काही फरक नाही पडला बुवा! "ऍव्हरेज तेवढंच, पिकअप डबल" ही ख्याती अनेकदा या चुकलेल्या मीटरमधूनच आलेली असते. उलट दिशेने दात वाढवले तर मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, आणि ते धोक्याचं.

पुढचं चक्र मोठं करून "टॉप वाढवणाऱ्यां"बद्दल मला फारशी सहानुभूती नाही. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. शंभरावरून एकशेदहावर जायचं तर केवळ हवेसाठी ३३ टक्के जास्त शक्ती हवी, आणि ती सॉकेटमधून येत नाही. छोट्या गाडीचं इंजिन कित्येकदा टॉप गिअरमध्ये आपल्या पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही. तिथे गिअर आणखी लांब केला तर गाडी पाचव्यात धापा टाकते आणि चौथ्यातच जास्त पळते. अशा गाडीला दात कमी केल्यावर टॉप किंचित वाढल्याचीही उदाहरणं असतात. ज्याच्याकडे शक्ती शिल्लक आहे आणि जो दिवसचे दिवस महामार्गावरच असतो, त्याने दात वाढवावा. असे स्वार मोजकेच.

एक दात कमी करण्याचे तोटेही मोजून सांगितले पाहिजेत. चेन चक्रावर गोल फिरत नाही, ती बहुकोनावरून वळते, त्यामुळे प्रत्येक दाताला तिचा वेग जरासा कमीजास्त होतो. पंधरा दातांना हा फरक सव्वादोन टक्क्यांच्या आत राहतो, चौदाला अडीचवर जातो, आणि बारावर आलात तर साडेतीनच्या घरात. चेन जास्त वाकते, जास्त झिजते. स्विंगआर्मवरची रबरी पट्टी घासली जाऊ शकते, ती बघत राहावी लागते. चेनच्या कड्यांची संख्या सम असते, त्यामुळे विषम दातांवर झीज सारखी वाटली जाते. चौदाला तो फायदा हुकतो. हे सगळं सोसण्यासारखं आहे. न सोसण्यासारखं आहे ते ताणलेल्या जुन्या चेनवर नुसतं नवं पुढचं चक्र बसवणं. मागचे दात वाघनखांसारखे वाकलेले असताना केलेली ही काटकसर थोड्याच दिवसांत नव्या चक्रालाही तसंच करून सोडते. बदलायचं तर तिन्ही एकत्र. आणि एका दाताच्या पुढे जाऊ नये.

राहिला कायद्याचा मुद्दा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू नये. आरसी बुकात इंजिन नंबर, चेसिस नंबर, सीसी, रंग असतो. दातांचा आकडा नसतो. यावरून मोकळं रान मिळालं असं समजू नये, कारण गाडीला मंजुरी मिळते ती ठरावीक गिअरिंगसह, त्यावरच धूर आणि आवाज मोजून. वॉरंटीच्या काळात सर्व्हिस सेंटर हात वर करू शकतं, हेही खरं. पण या आक्षेपातूनच माझी मागणी उभी राहते. कंपनीने मंजुरी घेतानाच दोन चक्रांसाठी घ्यावी, एक सपाटीचं आणि एक घाटाचं, गाडी घेताना गिऱ्हाइकाला विचारावं, आणि मीटर त्याप्रमाणे जुळवून द्यावा. डिजिटल मीटरच्या जमान्यात हे अवघड काम नव्हे. आजचं गुपचूप चालणारं बदलणं त्यापेक्षा कितीतरी वाईट आहे: जुनी गाडी विकत घेणाऱ्याला आपल्या मीटरवरचे किलोमीटर खरे की फुगलेले, हे कळायला मार्गच नाही.

कंपन्या हे करतील तेव्हा करतील. तोवर गॅरेजवाल्यांनी "ताकद वाढवून देतो" म्हणणं सोडावं, आणि बिलावर नुसतं "चेन-सॉकेट" न लिहिता पुढे-मागे किती दात बसवले तेवढे दोन आकडे लिहावेत.